टायमिंग बेल्ट घरी बदलला, मग गाडीने काय दाखवलं? अनुभव लिहा

सुरुवात मीच करतो, कारण शेण मीही खाल्लंय.

माझी जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती झेन. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) यांची फिरण्याची वेळ जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), क्रँकचं ऑइल सील असं सगळं सामान आणून दोन रविवारांत काम उरकलं. पहिल्याच सेल्फला गाडी सुरू झाली. सोसायटीतल्या दोघांनी पाठ थोपटली. मग कात्रजचा जुना घाट लागला आणि झेन दुसऱ्या गिअरमध्येच धापा टाकायला लागली. आयडलिंग ठीक, मिसिंग नाही, फक्त पिकअप मेलेला.

यानंतर मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. नवे प्लग घातले, एचटी वायरी (प्लगला वीज नेणाऱ्या) बदलल्या, कार्ब्युरेटर धुतला. बेल्ट सोडून सगळं केलं, कारण बेल्ट तर मीच नीट बसवला होता! एक खूण मात्र समोरच होती. डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) पुढे फिरवला की गाडी जरा बरी पळायची, आणि मी तो फिरवत फिरवत खाचेच्या टोकापर्यंत नेला होता. या इंजिनात डिस्ट्रिब्यूटर कॅमच्या शेपटाला असतो. कॅम मागे राहिला की त्याच्याबरोबर ठिणगीही मागे राहते. म्हणजे डिस्ट्रिब्यूटर फिरवून मी निम्मा आजार झाकत होतो.

शेवटी मित्राचा व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते मोजणारा) लावला. धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, पुण्याच्या उंचीवर दीड-दोन इंच कमी धरा. माझा काटा १३ वर होता, आणि जराही न थरथरता. वॉल्व्ह गळत असता तर काटा उडाला असता. काटा खाली पण स्थिर, म्हणजे वॉल्व्ह टायमिंग मागे (वॉल्व्ह उशिरा उघडत) असल्याचा दाट संशय.

कव्हर उघडलं, क्रँक हाताने फिरवून मार्कावर (पुलीवरच्या कंपनीच्या खुणेवर) आणला, तर कॅमचा मार्क एक दात मागे. बेल्ट घालताना ढील (बेल्टचा सैल भाग) टेन्शनरच्या बाजूला ठेवायची असते, माझी राहिली होती दुसऱ्या बाजूला. टेन्शनर सोडल्यावर ती ढील ओढली गेली आणि कॅम सरकला. क्रँकच्या पुलीला २० दात धरले तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. थोडंथोडकं नाही हे. बेल्ट बसल्यावर हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे (तेव्हा कॅमचा एक होतो) देऊन मार्क पुन्हा बघायचे, हे मला माहीत होतं. अंधार पडला होता, एवढंच कारण.

आता तुमचं येऊ द्या. शेवटी काय सापडलं त्याबरोबर आधी उगाच काय काय बदललं तेही लिहा.

नाशिककर_ताई

माझं लाजिरवाणं आहे, पण सांगते. पेट्रोल गाडी, २०१३ची. बेल्ट मी आणि बाबांनी मिळून बदलला. मार्क तीनदा तपासले, दोन फेरेही दिले. किल्ली फिरवली तर सेल्फ व्यवस्थित फिरतोय, पण इंजिन पकडतच नाही. बाबांचं लगेच सुरू, "उघड परत, दात चुकलाय."

मी म्हटलं थांबा. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर होता, तो लावला. सेल्फ मारताना आरपीएम शून्य! इंजिन फिरतंय हे आम्हाला दिसत होतं, कॉम्प्युटरला दिसत नव्हतं. क्रँक सेन्सरचा कनेक्टर कव्हर काढताना मीच सोडवला होता आणि परत लावताना तो "टक्" झालाच नव्हता, नुसता टेकला होता. स्कॅनरवर कोड पी०३३५, म्हणजे क्रँक सेन्सरच्या सर्किटची तक्रार. दोन मिनिटांचं काम. बाबा अजून म्हणतात की ते आधीच बोलले होते.

ऊस_आणि_डिझेल

आमच्याकडं सांगलीला इंडिका डिझेल होती. तिच्यात बेल्टावर डिझेल पंपही फिरतो, म्हणजे मार्क तीन जागी जुळवायचे. क्रँक आणि कॅम बघितले, पंपाच्या मार्कावर काजळी होती, अंदाजानं बसवला. सकाळी गाडी लई वेळ सेल्फ खायची आणि सुरू झाली की पांढरा धूर, सगळी गल्ली भरून.

चुलतभाऊ म्हटला, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं, पाणी आत जाऊ न देणारं पॅकिंग) गेलं. पांढरा धूर म्हणजे पाणी, हे त्याचं ठरलेलं. पण रेडिएटरचं पाणी आठ दिवसांत बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं, आणि धुरानं डोळं चुरचुरायचं. पाण्याच्या वाफेनं डोळं चुरचुरत नाहीत. तो न जळालेल्या डिझेलचा धूर. पंप एक दात मागं होता. रॉकेलच्या फडक्यानं मार्क पुसला तर लख्ख दिसला. आधी पुसला असता तर हेड उतरवायची चर्चा तरी झाली नसती.

घोडबंदर_रोड

माझी गोष्ट हसण्यासारखी नाही. टेन्शनरचा बोल्ट बोटांनी लावला आणि फोन वाजला. बोलून परत आलो ते थेट कव्हर लावायला. गाडी सुंदर चालली, चाळीसेक किलोमीटर. मग सिग्नलवरून निघताना खालून एकच "फट्" आणि इंजिन बंद.

खरी चूक पुढची. मी चार-पाच वेळा सेल्फ मारला. आवाज बदललेला कळत होता. एरवी सेल्फला एक दम असतो, घुर्र-घुर्र असा, प्रत्येक कॉम्प्रेशनला जरा अडखळतो. आता तो शिलाई मशीनसारखा सरळ पळत होता. तेव्हाच टोचन मागवायला हवं होतं. माझ्या इंजिनात पिस्टन आणि वॉल्व्ह एकाच जागेत वेळ वाटून घेतात, त्यामुळे बेल्ट सुटला की टक्कर ठरलेली. कॉम्प्रेशन टेस्टरने दोन सिलिंडर साफ शून्य. हेड उतरवलं. लेथवाल्याने एक वॉल्व्ह काढून काचेवर लोळवला. दांडा सरळ दिसत होता, पण डोकं लंगड्या माणसासारखं वरखाली होत होतं. असे पाच निघाले. पहिल्या टकरीत किती वाकले आणि माझ्या हट्टाच्या सेल्फने किती, हे आता कोण सांगणार?

व्हाइटनरवाला

एवढे मार्क शोधता कशाला? जुना बेल्ट असतानाच पुली आणि बेल्टवर व्हाइटनरने खुणा करा, दात मोजून त्या नव्या बेल्टवर उतरवा, बसवा. दोन गाड्या केल्या, दोन्ही मस्त चालतायत.

नागपूर_गॅरेज

व्हाइटनरवाले भाऊ, जुना बेल्ट आधीच एक दात उडालेला असला तर? तुम्ही चूक जशीच्या तशी नव्या बेल्टवर छापता. खुणा जरूर करा, पण कंपनीच्या मार्काशी ताडून.

गॅरेजला येणाऱ्या घरगुती बेल्टांमध्ये मला दात चुकण्यापेक्षा ताण चुकलेलाच जास्त दिसतो. जास्त आवळला की आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी, आणि पुढे वॉटर पंपाचं नाहीतर टेन्शनरचं बेअरिंग बसतं. ढिला असला की गाडी बंद करताना कव्हरच्या आत पट्कन थप्पड ऐकू येते. दोन बोटांनी बेल्ट पाव फेरा पिळायचा तो जुना नियम जुन्या, हाताने बसवायच्या टेन्शनरपुरता. ज्याच्यावर काटा आणि खाच असते, तिथे काटा खाचेत आणायचा, बोटं खिशात ठेवायची.

आणखी एक केस. गाडी पंधरा दिवस ठीक, मग हळूहळू पिकअप गेला. मार्क बघितले तर जुळलेले! बेल्ट बरोबर, पुलीही बरोबर, पण पुलीच क्रँकवर हलत होती. मधला बोल्ट टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळलाच नव्हता, त्यामुळे आतल्या चावीने (पुली क्रँकवर फिरू न देणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्याने) स्वतःची खाच खाऊन मोठी केली होती. अशा वेळी पुलीच्या मार्कावर विश्वास ठेवू नका. एक नंबरच्या प्लगच्या भोकात लांब स्क्रूड्रायव्हर अलगद टाकून पिस्टन खरोखर वर आहे का ते बघा.

रेडिंगहून

त्याच चावीबद्दल. इथे इंग्लंडमध्ये मजुरी परवडत नाही म्हणून माझ्या १.६ लिटर पेट्रोल फोर्डचा बेल्ट ड्राइव्हवेमध्ये बदलला. व्हाइटनरच्या सुंदर खुणा केल्या. मधला बोल्ट ढिला केला आणि पुली शाफ्टवर गरकन फिरली. या इंजिनात क्रँकला चावीच नाही, निव्वळ बोल्टाच्या दाबावर सगळं उभं! माझ्या खुणा त्या क्षणी शोभेच्या झाल्या. मग क्रँक अडवायची पिन आणि कॅमच्या मागच्या खाचांत बसणारी पट्टी विकत आणली. बोल्टही नवीन, कारण तो एकदा ताणला की परत वापरायचा नसतो. गाडी सुरू व्हायला तीन आठवडे लागले, तोवर बसने.

चिपळूण_८

माझं छोटंसं. बेल्टबरोबर वॉटर पंप बदलला, मग तापमानाचा काटा लालकडे जायला लागला आणि हीटरमधून मात्र गार हवा. पंप खराब म्हणून दुकानात भांडायला निघालो होतो. हवा अडकली होती आत. गाडीचं नाक चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, थंड इंजिनात हळूहळू कूलंट भरला. बुडबुडे थांबले, काटा खाली आला.

नाशिककर_ताई

धागावाले दादा, झेनचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाही तुम्ही.

धागाकर्ता

बेल्ट परत बसवला, दोनऐवजी चार फेरे दिले. गेज आता साडेसतरा दाखवतो. डिस्ट्रिब्यूटर परत जुन्या खुणेवर आणला. काल कात्रजचा जुना घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली. काढलेले प्लग आणि एचटी वायरी चांगल्या आहेत, कुणाला हव्या असतील तर सांगा.