मदत हवी आहे: रेल्वे पास घेऊन बोटीने इंग्लंड आणि पुढे डब्लिन, स्वस्तात कसं जमवावं?

काजूगर:

नमस्कार मंडळी,

मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला राहते. मे महिन्यात आई-बाबा राजापूरहून येत आहेत, दोन महिने राहतील. धाकटा भाऊ डब्लिनला असतो आणि त्याला नुकतीच मुलगी झाली आहे. नातीला बघायचंय म्हणजे डब्लिन ठरलेलंच. त्याआधी पॅरिस आणि स्वित्झर्लंडची धावती चक्कर मारायची आहे, त्यासाठी दोघांचा युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांत ट्रेनने फिरायला चालणारा एकच पास) काढावा असं मनात आहे.

प्रश्न आहे तो समुद्राचा. ॲम्स्टरडॅमहून विमानाने दीडेक तासात डब्लिन येतं आणि लवकर काढलं तर तिकीटही फार पडत नाही. तरीही बोटीनेच जायचंय, आणि त्याचं कारण आई.

आईचं माहेर मुसाकाजी बंदराजवळचं. लहानपणी ती आजोबांबरोबर मुंबईला जायची ती आगबोटीने. बोट धक्क्याला लागायची नाही, खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसायचं, पडाव बोटीच्या कुशीला लागला की वरून खलाशी हात द्यायचा, आणि लाट पडावाला वर उचलेल त्याच वेळी शिडीवर पाय टाकायचा. आजोबांनी तिच्या कमरेला पंचा बांधून त्याचं टोक हातात धरलं होतं, हे ती अजून सांगते. रात्री डेकवर सतरंज्या पसरून सगळे आडवे व्हायचे, निम्म्या लोकांना बोट लागलेली असायची, आणि ही कठड्याशी उभी राहून पाणी बघत बसायची. उतरायचं ते भाऊच्या धक्क्याला. पुढे एस्टी सुरू झाली, बोटी बंद झाल्या. त्यानंतर आईने बोटीत रात्र काढलेली नाही. मागच्या महिन्यात फोनवर सहज म्हटलं की इथून इंग्लंडला रात्रीची बोट जाते. ती जरा वेळ गप्पच राहिली. मग एवढंच विचारलं, "डेकवर उभं राहू देतात का गं?"

तेव्हा बोट नक्की. पण खर्च बेताचा ठेवावा लागेल, तिघांची तिकिटं एका पगारात बसवायची आहेत. माझ्या डोक्यात मार्ग असा आहे: इथल्या हूक व्हान हॉलंड बंदरातून रात्रीच्या बोटीने इंग्लंडमधलं हारविच, तिथून ट्रेनने लंडन, दोन दिवस लंडनमध्ये, मग ट्रेनने वेल्समधलं होलीहेड बंदर आणि बोटीने डब्लिन. या बोटी पासात येतात का? एके ठिकाणी फुकट असं वाचलं, दुसरीकडे फक्त सवलत. मला स्वतःला पास मिळतो का? किती दिवसांचा घ्यावा? बाबा ७१ वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, जिने फार जमत नाहीत. आई-वडिलांना घेऊन कुणी असं गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

आगाऊ धन्यवाद.

रूळसोबती:

काजूगर, तुमच्या आईंची आठवण वाचून राहवलं नाही, म्हणून लगेच लिहितोय.

आधी पासाचं. युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी, इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी. पासपोर्ट भारतीय असला तरी तुम्ही नेदरलँड्सच्या रहिवासी, म्हणजे तुम्हाला इंटररेल आणि आई-बाबांना युरेल. सोयी जवळपास सारख्याच, पण इंटररेलवर स्वतःच्या देशात फक्त एकदा बाहेर पडताना आणि एकदा परतताना प्रवास करता येतो. आई-बाबांना ६० वर्षांवरच्यांची सवलत मिळेल, ती घ्यायला विसरू नका.

उत्तर समुद्र आणि आयरिश समुद्रावरच्या बोटी पासात येत नाहीत. पास दाखवला की भाड्यात सवलत मिळते, इतकंच. पासाला महिन्याची मुदत असते आणि त्यात चार-पाच असे ठरावीक दिवसच ट्रेनने फिरता येतं. मुदत चालू असली की बोटीची सवलत मिळते, त्यासाठी यातला प्रवासाचा दिवस खर्ची घालावा लागत नाही. फुकटाचं जे वाचलंत ते बहुधा इटलीहून ग्रीसला जाणाऱ्या बोटींबद्दल असेल, तिथे पासाचा फायदा बराच मोठा असतो. आणि पासावर खऱ्या अर्थाने समुद्र ओलांडायचा असेल तर मेसिनाची सामुद्रधुनी. रोमहून सिसिलीला जाणारी इंटरसिटी तिथे डबे सुटे करून रुळांवरून थेट बोटीच्या पोटात ढकलतात. मी गेलो तेव्हा डब्यातून उतरून वरच्या डेकवर आलो, गरम आरान्चिनी (भाताचे तळलेले गोळे) घेतली, आणि ती संपेपर्यंत सिसिलीचा किनारा समोर आला होता. परत डब्यात येऊन आपल्याच जागेवर बसलो. बायकोला अजूनही ते स्वप्नासारखं वाटतं.

आता तुमच्या मार्गातली खरी मेख. पासाचा एक दिवस म्हणजे रात्री १२ ते रात्री १२. तुम्ही संध्याकाळी उत्रेख्तहून निघणार आणि सकाळी हारविचहून लंडनची ट्रेन धरणार. दोन छोट्या प्रवासांत पासाचे दोन दिवस गेले! चार दिवसांचा पासही माणशी अडीचशे युरोच्या वर जातो, म्हणजे एकेक दिवस साठ युरोच्या पुढे पडतो. उत्रेख्तहून बंदराकडे जायला माणशी वीस युरोही लागत नाहीत. शिवाय हूकपर्यंत आता रेल्वे जातच नाही. २०१९पासून तो मार्ग रॉटरडॅम मेट्रोत गेला, स्खीडामला मेट्रोची बी लाईन धरायची. मेट्रोवर पास चालत नाही, बँकेचं कार्ड टॅप करायचं. 'हूक व्हान हॉलंड हावन' स्टेशनला उतरलात की बोटीचं टर्मिनल समोरच आहे, बाबांना चालावं लागणार नाही.

माझं स्पष्ट मत: हा टप्पा पासावर करूच नका. बोट चालवणारी कंपनीच रेल्वे आणि बोट मिळून एक तिकीट विकते, त्यात हूकपासून लंडनपर्यंतचं सगळं येतं. ते आणि पासाची सवलत, दोन्ही भाव काढून बघा. रात्रीच्या बोटीला केबिन घ्यावीच लागते. तिघांत एक घेतली की हॉटेलची एक रात्र वाचते, तो हिशेबही धरा.

भरती_ओहोटी:

मी आयर्लंडमध्ये १२ वर्षं आहे. आई-वडील दोनदा आले, दोन्ही वेळा लंडनहून बोटीनेच आणले.

होलीहेडसाठी तर पासाचा विचारही करू नका. ब्रिटनमधल्या कुठल्याही स्टेशनपासून डब्लिन बंदरापर्यंत 'सेलरेल' नावाचं एकच तिकीट मिळतं, ट्रेन आणि बोट दोन्ही धरून. अंतराच्या टप्प्यांप्रमाणे भाव ठरलेले असतात, विमानासारखे आयत्या वेळी चढत नाहीत. लंडनच्या यूस्टन स्टेशनवरून निघायचं, बहुधा क्रू किंवा चेस्टरला गाडी बदलावी लागते. पुढे बोटीला सव्वातीन तास.

पण तिकिटाच्या आधी व्हिसा बघा! मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) इंग्लंड चालत नाही, युकेचा वेगळा काढावा लागेल, तुमचाही. भारतीय पासपोर्टवर युकेचा अल्प मुदतीचा व्हिसा असेल तर आयर्लंडच्या व्हिसा-सवलत योजनेत इकडचा वेगळा व्हिसा लागत नाही, मात्र अट अशी की आधी युकेत रीतसर प्रवेश झालेला हवा. तुमच्या मार्गात तो हारविचला होतोच. थेट विमानाने डब्लिनला उतरला असता तर ही सवलत मिळाली नसती. योजना चालू आहे ना, हे आयर्लंडच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर निघण्याआधी एकदा बघा.

आणि आई-बाबांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर इंग्लंडला गेल्यावर तो संपला. परत उत्रेख्तला येता येणार नाही. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असंच झालं. काकांना लंडनहूनच भारतात परतावं लागलं, सामान मुलीच्या घरी राहिलं. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा मागा आणि डब्लिनचा बेत त्यात लिहा.

काजूगर:

बाप रे. शेंगेनचा अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचा होता आणि मी एकाच प्रवेशावर खूण करणार होते. भरती_ओहोटी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. बाबांना आत्ताच फोन करून सांगितलं.

रूळसोबती, दिवसांचा हिशेब डोक्यात शिरला. म्हणजे पास फक्त पॅरिस आणि स्वित्झर्लंडपुरता ठेवायचा, समुद्राचे दोन्ही टप्पे वेगळ्या तिकिटावर. मग परतीचं काय? डब्लिनहून पुन्हा तोच मार्ग धरू का?

सह्यकडा:

परतीला लंडनहून युरोस्टार ट्रेन बघा. बाबांना समुद्राखालून जाण्याचीही हौस असेल! इंग्लिश खाडीखालचा बोगदा ५० किलोमीटर लांबीचा, १९९४ साली सुरू झाला. पासधारकांना त्यात वेगळ्या दराचं आरक्षण मिळतं, साधारण तीस युरोच्या वर जातं, पण ऐनवेळच्या पूर्ण तिकिटापुढे ते काहीच नाही. पासधारकांसाठीच्या जागा मात्र मोजक्या असतात, तारीख ठरली की त्याच दिवशी आरक्षण करा. मी आठवडाभर थांबलो आणि सकाळच्या सगळ्या गाड्यांतल्या गेल्या.

इथे पासाचा दिवस वापरणं परवडतं, कारण लंडनहून रॉटरडॅम आणि तिथून उत्रेख्त एकाच दिवसात होतं. फक्त पासाची महिन्याची मुदत तोवर शिल्लक राहील अशी तारीख धरा. तेवढ्यासाठी चारऐवजी पाच दिवसांचा पास घ्यावा लागला तरी घ्या.

लाटांकाठी:

अजून एक पर्याय सुचवते. डब्लिनहून फ्रान्समधल्या शेरबूरला थेट बोट जाते, साधारण १८-१९ तास, आणि त्या मार्गावरही पासाला सवलत असते. इंग्लंडात पुन्हा शिरायचं नाही, शेरबूरहून पॅरिसला ट्रेन. पॅरिस शेवटी ठेवलं तर बसतं. आम्ही सासूबाईंना घेऊन केलं होतं. पण खरं सांगते, त्या पाण्यात बोट बरीच हलते आणि सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. बाबांचे गुडघे बघता मी तरी युरोस्टारच घेईन.

काजूगर:

लाटांकाठी, आईला हे सांगितलं तर ती शेरबूरच म्हणेल. पण बाबांसाठी युरोस्टार ठरवते.

आता शेवटचं. हारविचची ट्रेन लंडनला लिव्हरपूल स्ट्रीटला येते आणि डब्लिनची यूस्टनहून सुटते. सामान आणि बाबा, दोन्ही घेऊन मधला टप्पा कसा करायचा? आणि आईच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही!

भरती_ओहोटी:

मेट्रोने पाच स्टेशनं आहेत, पण जिने येतात. तुम्ही २०५ नंबरची बस घ्या. लिव्हरपूल स्ट्रीटहून यूस्टनला थेट जाते, चढायला पायरी नाही, आणि वाटेत थोडं लंडनही दिसतं. पास इथे चालत नाही आणि रोख पैसे घेत नाहीत. प्रत्येकाचं वेगळं बँकेचं कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं चालत नाहीत. तुमच्या कार्डाशिवाय आई-बाबांसाठी आणखी दोन कार्डं बरोबर ठेवा.

यूस्टनला आणि मधे गाडी बदलायच्या स्टेशनवर बाबांसाठी मदत मागता येते, व्हीलचेअरसुद्धा, पैसे लागत नाहीत. आदल्या दिवशी कळवून ठेवा. होलीहेडला स्टेशन आणि बंदर एकाच आवारात आहे. तिथून बोटीत बसने नेतात, तेव्हा गुडघ्यांचं आधीच सांगा.

चेस्टरनंतर गाडीत उजव्या बाजूच्या जागा धरा. समुद्र अगदी रुळाला लागून येतो. कॉनवीला किल्ल्याच्या भिंतीखालून गाडी जाते, आणि पुढे मेनाईची सामुद्रधुनी पुलावरून ओलांडते. बाबांना ते आवडेल.

रूळसोबती:

काजूगर, आईंचं उत्तर राहिलं खरं. हो, उभं राहू देतात. बाहेरचा डेक उघडा असतो. बोट रात्री दहाच्या सुमारास सुटते. मेच्या मध्यावर तिकडे साडेनऊला सूर्य मावळतो, त्यामुळे निघताना पश्चिमेला अजून उजेड असतो. चढल्याबरोबर केबिनमध्ये सामान टाका आणि लगेच वर या. डाव्या बाजूला उभ्या राहा. रॉटरडॅम बंदराचे दिवे, क्रेन, उभी जहाजं असं बराच वेळ दिसत राहतं, मग दिवे मागे पडतात आणि फक्त पाणी उरतं. वारा बोचरा असतो. आईंना स्वेटर आणि कानटोपी द्या, साडीवरून जॅकेट पुरणार नाही. सकाळी साडेसहाला हारविच येतं, त्याच्या तासभर आधी उठवा म्हणजे किनारा येताना दिसेल.

काजूगर:

आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तुमचं शेवटचं उत्तर तिने दोनदा वाचायला लावलं. कानटोपी ती राजापूरहूनच आणणार आहे, मी इथे घ्यायची नाही असं बजावलं आहे.

अर्जात अनेक प्रवेशांवर खूण केली. व्हिसे हातात आले की १९ मेची चार जणांची केबिन धरते, आणि परत आल्यावर इथेच खर्चाचा पूर्ण हिशेब लिहिते.