ऑटोमॅटिक गिअरची सायकल: घेण्यासारखी आहे का?

पुणेरी पेडल

या चर्चेत मी सरळ बाजू घेऊनच सुरुवात करतो. रोज कामाला आणि मंडईला सायकलने जाणाऱ्याने, परवडत असेल तर, आपोआप गिअर बदलणारीच सायकल घ्यावी.

कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये जाऊन गिअरच्या सायकली बघा. २१ गिअर, त्यातला एकच वापरात. मागच्या एकाच चक्रीचे दाते चकचकीत, बाकीच्यांवर गंज आणि धुळीचा थर, केबल जाम. चांदणी चौकाचा चढ आला की ही मंडळी उतरून ढकलतात. गिअर आहेत, पण बदलायची धास्ती आहे. भर रस्त्यात एकदा चेन पडली, हात काळे झाले, मागून हॉर्न वाजले, की माणूस पुन्हा त्या खटक्याला हात लावत नाही.

आज तीन तऱ्हा मिळतात. सगळ्यात साधी म्हणजे दोन गिअरची हब, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेला, आतच गिअर असणारा डबा. आत छोटी वजनं असतात, चाकाने वेग घेतला की ती बाहेर फेकली जातात आणि वरचा गिअर पडतो. बॅटरी नाही, केबल नाही. जर्मनीच्या फिश्टेल अँड झाक्स कंपनीने हे १९६०च्या दशकात करून दाखवलं होतं. दुसरी एन्व्हिओलो कंपनीची हब. तिच्यात गिअरचे टप्पेच नाहीत, हबमधले गोळे कलतात आणि पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरतं ते प्रमाण सलग बदलत जातं. तिसरी शिमानोची २०२५ मध्ये आलेली क्यू-ऑटो. डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, नेहमीसारखाच, पण त्याला लागणारी वीज मागच्या हबमध्येच तयार होते, चार्जिंगची भानगड नाही. वेग, पेडलची गती आणि चढ मोजून ती गिअर टाकते, आणि तुम्ही बटण दाबून बदल केलात तर तुमची आवड हळूहळू शिकत जाते.

२०१४ साली मारुतीने सेलेरिओ गाडीत एएमटी, म्हणजे आपोआप गिअर टाकणारी यंत्रणा, आणली तेव्हाही लोक म्हणत होते की गिअर स्वतः न टाकणारा ड्रायव्हर कच्चा. आता शहरात गाडी घेणारा प्रत्येक जण तो पर्याय निदान विचारून तरी बघतो.

घाटवेडा

मुळीच पटत नाही. गाडीत इंजिन वेगळं आणि चालवणारा वेगळा. सायकलवर इंजिन तुम्हीच. सकाळी ताज्या पायांना जो गिअर हलका वाटतो तोच परत येताना उन्हात जड होतो. सेन्सरला पेडलची गती कळते, तुमचा दम कळत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यंत्राला पुढचा रस्ता दिसत नाही. बोपदेव घाटात वळणाच्या आतल्या अंगाला चढ एकदम उभा होतो. चालवणारा वळणाच्या आधीच, पायावर भार नसताना, गिअर खाली घेतो. यंत्र काय करणार? आधी तुम्ही चढावर जाणार, गती पडणार, मग त्याला उमगणार आणि मग ते चेन हलवणार. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा सगळं वजन पेडलवर आहे. खाडकन आवाज येतो तो त्याचाच, आणि दाते झिजतात तेही त्यानेच. चढ मोजणारा सेन्सर असला तरी तो चाकाखालचा चढ मोजतो, पुढच्या वळणावरचा नाही.

धास्तीचं म्हणाल तर ती एका रविवारी सकाळी जाते. पेडल फिरत असतानाच गिअर बदला. चढ दिसला की आधी गिअर, मग चढ. पुढची मोठी आणि मागची मोठी अशा दोन्ही मोठ्या चक्र्यांवर एकदम चेन नको. एवढंच शिकवायचं असतं, पण सायकल विकताना ते कुणी शिकवत नाही. खरा राग तिथे यायला हवा.

उत्रेख्तहून

मी नेदरलँड्समध्ये राहते, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडते. माझी कार्गो सायकल आहे, पुढच्या पेटीत दोन मुलं आणि भाजी. एन्व्हिओलोची ऑटोमॅटिक हब, चेनऐवजी पट्टा. एका मिनिटात पायाचे किती फेरे हवेत ते ठरवून द्यायचं, मग ती तेवढेच राखते. सिग्नलला थांबले की हब स्वतःच हलक्या प्रमाणावर येते आणि हिरवा दिवा लागला की एवढं ओझं घेऊनही गाडी अलगद सुटते. डिरेलर उभ्या जागी गिअर बदलू शकत नाही, त्याला चेन फिरती लागते. सिग्नलच्या आधी गिअर उतरवायचं विसरलं की भरलेली सायकल हलवताना गुडघ्यातून कळ येते, हे आधीच्या सायकलवर मी भोगलं आहे.

इथे डोंगर नाहीत, पण वारा आहे. तो कधी आडवा येईल सांगता येत नाही, आणि वाऱ्याशी झुंजताना खटके मोजायचे नसतात ही मोठी सोय आहे.

उणं काय तेही सांगते. हब जड आहे आणि गोळ्यांच्या घर्षणातून ताकद जात असल्यामुळे थोडी वाटेत मुरते. मोटरवाल्या सायकलवर ते जाणवत नाही, बिनमोटरच्या सायकलवर जाणवेल. आणि किंमत! ह्या सायकलच्या पैशात पुण्यात बरी जुनी चारचाकी आली असती.

संध्याफेरी

घाटवेडा, तुमचं म्हणणं तरण्या हातांचं आहे. माझ्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. गिअरचा खटका दाबायला जो जोर लागतो तो संध्याकाळपर्यंत माझ्या हातात उरत नाही. मूठ फिरवून बदलायचा प्रकारही करून पाहिला, पावसात ओल्या हाताने तो फिरतच नाही. डॉक्टर म्हणतात सायकल सोडू नका, हलक्या गिअरवर भरभर पाय मारा, गुडघ्याला तेच चांगलं. हलक्या गिअरवर यायचं कसं, ते हाताला विचारा.

साठीच्या आसपासच्या किती तरी बायका एवढ्यासाठी सायकल सोडतात. गिअर शिकायला आम्ही कमी पडत नाही.

पानापक्कड

साताऱ्यात आमचं दुकान आहे, दुसरी पिढी. मी गिऱ्हाइकाच्या नाही तर पान्याच्या बाजूने बोलतो.

साध्या सात गिअरच्या सायकलचा मागचा डिरेलर हजाराच्या आत मिळतो आणि माझ्याकडे कायम असतो. यवतेश्वरच्या रस्त्यावर आपटून वाकला तर त्याच दिवशी बदलून देतो. वर्षातून एकदा ओव्हरऑईल करायचं, छर्रे नवे, ग्रीस नवं, केबल नवी, चाकांचा आउट म्हणजे वाकडेपणा काढला, की सायकल पुन्हा घाटाला तयार. ऑटोमॅटिक हब उघडायची म्हणजे मला त्या कंपनीची हत्यारं हवीत, पार्ट हवेत, आणि ते मागवायला कुणीतरी ओळखीचं हवं.

पंक्चर आम्ही सहसा चाक न काढताच करतो, टायर एका बाजूने उचलून ट्यूब बाहेर ओढतो. पण टायर बदलायचा झाला तर चाक काढावंच लागतं, आणि तिथे हबला गेलेली वायर आणि कंट्रोलर आला की पोरगं हात लावायला घाबरतं. चुकीची ओढली तर भरपाई आमच्या अंगावर.

शिवाय ही मंडळी टिकतात का? शिमानोनेच २००७ साली अमेरिकेत कोस्टिंग नावाची तीन गिअरची ऑटोमॅटिक पद्धत आणली होती, पुढच्या हबमधल्या डायनॅमोवर चालणारी. ट्रेक, जायंट, रॅली, सगळ्यांनी तिच्यावर सायकली काढल्या. थोड्या वर्षांत सगळं बंद. ज्यांनी घेतल्या त्यांनी पार्टसाठी कुणाकडे जायचं? साधी सायकल माणसं वीस-वीस वर्षं वापरतात.

पुणेरी पेडल

कोस्टिंग बंद पडली तरी माणसाची अडचण संपली नव्हती, म्हणून तर नवनव्या कंपन्या पुन्हा त्याच कामाला लागल्या. पार्टचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो कंपन्यांना छातीठोकपणे विचारला पाहिजे. घाटवेडा, तुमच्यासारखे घाट चढणारे सायकलवाल्यांत मूठभर. बाकीच्यांची फेरी पाच-सात किलोमीटरची, त्यात दहा सिग्नल आणि एखादा उड्डाणपूल. तिथे गिअर अर्धा सेकंद उशिरा पडला तर काय बिघडलं?

घाटवेडा

संध्याताईंचा मुद्दा वेगळा आहे आणि मला तो शंभर टक्के मान्य. ज्यांच्या हातांना त्रास आहे त्यांनी बेलाशक घ्यावी, कर्ज काढूनही. पण ज्याचे हात धड आहेत त्याला मी अजूनही तेच सांगेन: त्या पैशात उत्तम साधी सायकल, चांगली सीट, दोन चांगले टायर आणि हेल्मेट घ्या. पाच किलोमीटरच्या सपाट फेरीला तर गिअरच कशाला? जिथे गिअरची खरी गरज पडते त्या चढावरच हे यंत्र उशीर करतं, हा माझा आक्षेप तसाच आहे.

उत्रेख्तहून

उशीर होतो हे डिरेलरच्या बाबतीत बरोबर. माझ्या हबमध्ये मात्र भार थोडा कमी केला की प्रमाण सरकतं, दाते आपटत नाहीत. तीन तऱ्हांना एकच माप लावू नका.

पानापक्कड

संध्याताई, घेणारच असाल तर दुकानात दोन गोष्टी करा. ट्रायल सपाट गल्लीत देतील, तुम्ही चढावर मागा. पिशवीत पाच किलो ओझं टाकून चढाच्या मध्यावर थांबा आणि तिथूनच सुरू करून बघा. दुसरं, पैसे देण्याआधी त्यांच्या मेकॅनिकला मागचं चाक तुमच्यासमोर काढून परत बसवायला सांगा. त्याने बसवलं आणि गिअर नीट पडले तर घ्या. तो मॅनेजरकडे बघायला लागला तर थांबा.