धुळवडीची दुपार आणि पातेलंभर कटाची आमटी

ओट्याशेजारी:
आमच्या नाशकात धुळवडीला रंग नसतो, तो रंगपंचमीला, रहाडींवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांवर. आज जुन्या गावात वीरांची मिरवणूक निघेल, नटवलेली लेकरं घेऊन लोक रामकुंडावर जातील. पण आमच्या कॉलनीत चिटपाखरू नाही. नवरा आडवा, पोरं मोबाईलवर, सासूबाई पेपर तोंडावर घेऊन घोरतायत. काल पुरणपोळीवर तूप ओतून ओतून सगळ्यांनी जे हाणलंय, त्याचा हा परिणाम.

पोळ्यांचं काही नाही, शिळी पोळी दुधात कुस्करून सकाळीच गेली. प्रश्न आमटीचा आहे. मी मुद्दाम जास्त करते, दुसऱ्या दिवशी नुसता भात लावला की सुटका. रात्री उकळून ओट्यावरच ठेवली होती, सकाळी बघते तर पिठल्यासारखी दाट. वास चांगला आहे. पण चिंच असल्यामुळे मुळातच आंबट, मग उतरली की नाही हे कळायचं कसं? आणि वाटीभर पुरण उरलंय, त्याचं काय करू?

खमंग_फोडणी:
चवीवर जाऊ नका, पळीने ढवळून बघा. बारीक फेस दिसला किंवा पळीला तार धरली तर सरळ ओतून द्या, मार्चमधल्या उकाड्यात धोका नको. तसं काही नसेल तर घट्ट होणारच, त्यात डाळ आणि वाटलेलं खोबरं असतं. कढत पाणी घाला, गार नको, आणि खळखळून उकळा. वरून तुपात जिरं-कढीलिंबाची ताजी फोडणी. गोडा मसाला परत घालू नका, कडवट होते. रात्री फ्रीजमध्ये का नाही ठेवलीत?

ओट्याशेजारी:
फ्रीजमध्ये पोळ्यांचा डबा, पुरण आणि उरलेली कुरडई. जागा कुठली! फेस नाही, तार नाही. उकळायला ठेवलीय.

रंकाळ्यावरचा:
ताई, धुळवडीला आमटी? आमच्या कोल्हापुरात सकाळीच मटणाच्या दुकानापुढे रांग. तांबडा-पांढरा झाला की मग झोप. तुमची शांतता कळली, जेवण नाही कळलं.

ओट्याशेजारी:
नणंद तिकडेच दिलीय, दरवर्षी बारा वाजता रश्श्याचा फोटो पाठवते. दादा, मुरलेली आमटी, वाफाळता भात आणि भाजलेला पापड खाऊन बघा, मग बोलू.

सोलापुरी_चादर:
पुरण सैल पडलं असेल तर कढईत परतून घ्या, उलथनं उभं राहिलं पाहिजे. मग कणकेच्या पुरीत भरून कडबू तळा. चार वाजता चहाबरोबर.

ओट्याशेजारी:
कडबूचा प्रश्न मिटला. नवरा उठला, फ्रीज उघडून उभ्या उभ्या चमच्याने सगळं पुरण संपवलं आणि आता विचारतोय, जेवायला काय?