केळवणाचा गुरुवार

ग्रुप: चिऊचं लग्न

आई, पहाटे ५:०४
मिळाली का गं गाडी? बाबा अजून स्टँडवरून आले नाहीत.

चिऊ, ५:२०
मिळाली. बोरिवलीची आहे, चांदणी चौकात उतरेन. स्वारगेटला गेले की पाषाणला लॅबवर पोचायला आणखी एक तास जातो. खिडकीची जागा आहे आणि तिकीट अर्धं. बाबा निघालेत परत.

बाबा, ५:४१
पोचलो. काल ठरलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. कार्यालय आदल्या दिवशी दुपारी चारपासून आपल्या ताब्यात. सीमांतपूजन संध्याकाळी तिथेच. जेवणात मठ्ठा आणि जिलबी नक्की. पत्रिका १५० छापायच्या. प्रूफ आज पुण्यात चिऊ बघणार आहे, मामी सोबत असतील.

मोठी मावशी, ६:४५
केळवणाचं आता ठरवू या. चिऊ, तू पुढच्या गुरुवारी सांगलीला ये. एक दिवस सुट्टी टाक.

आत्या, ६:५८
मग शनिवारी ठाण्याला. शुक्रवारी रात्रीच निघ.

काकू, ७:१०
कोरेगावला मंगळवार चालेल का? आमच्या शेजारच्यांनाही करायचं आहे तिचं.

मामी, ७:१५
आमच्याकडे कधीही. सहकारनगर ते पाषाण काय लांब नाही.

चिऊ, ७:५२
उतरले. गाडीत बसून मोजलं, घरची-शेजारची मिळून अकरा केळवणं होतायत. मला खूप बरं वाटलं. पण सगळी जमणार नाहीत. आत्ता जेल लावायचंय, दुपारी नीट लिहिते.

मोठी मावशी, १२:३८
चिऊ, रागाने विचारत नाही हं. एक दिवस लॅबला नाही गेलं तर नेमकं काय होतं? आम्हाला कुणी समजावून सांगितलंच नाही कधी.

चिऊ, १:२६
मावशी, बरं झालं विचारलंस. आत्ता ट्रान्सफर चालू आहे, दीड तास हात मोकळे आहेत, म्हणून सगळं सांगते.

माझ्याकडे माणसाच्या पेशी आहेत, प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत वाढवलेल्या. त्यांना ३७ अंश लागतात, आपल्या अंगाचं तापमान, आणि हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. त्यांच्या खाण्याला मीडियम म्हणतात. ते गुलाबी-लाल असतं. पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडतात, ते साठलं की मीडियमचा रंग पिवळा होतो. आज सकाळी मी इन्क्युबेटर उघडला तर दोन बाटल्या पिवळ्या. काल मी साताऱ्यात होते ना, त्याचा हा परिणाम. या पेशी साधारण एका दिवसात दुप्पट होतात. बाटलीत जागा उरली नाही की काही मरतात आणि उरलेल्या नेहमीसारख्या वागत नाहीत. मग त्यांच्यावर केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून वेळेवर त्या सुट्या करून थोड्याशा नव्या बाटलीत टाकायच्या. आज वाचल्या. साखरपुड्याला मी दोन दिवस जास्त राहिले होते, तेव्हा सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. गोठवून ठेवलेल्यांतल्या नवीन काढून कामाजोग्या होईपर्यंत पंधरा दिवस गेले. तेव्हा तुम्हाला कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसरं काम वेस्टर्न ब्लॉट. एखादं प्रथिन पेशीत आहे का आणि किती आहे, ते त्यात दिसतं. सकाळी जेलमध्ये प्रथिनं वेगवेगळी करायची, दुपारी ती कागदासारख्या पडद्यावर उतरवायची (हाच तो ट्रान्सफर), मग तासभर ब्लॉकिंग, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायच्या, आणि संध्याकाळी पडदा अँटिबॉडीत, म्हणजे हव्या त्या प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूंत, बुडवून रात्रभर ४ अंशाला ठेवायचा. उद्या सकाळी धुऊन पुढचं. म्हणजे आज सुरू केलं की उद्या इथे असावंच लागतं.

मोठी मावशी, १:४०
दोनदा वाचलं. मग लग्नाच्या आठवड्यात त्यांना कोण बघणार गं? जीव आहे ना त्यांच्यात.

चिऊ, १:४४
त्या आठवड्यासाठी बऱ्याचशा गोठवून ठेवणार, उरलेल्या बाटल्या लॅबमधली मैत्रीण बघेल. गोठवायच्या म्हणजे काय, तर, दर मिनिटाला अंदाजे एक अंश, इतक्या सावकाश थंड करत उणे ८० पर्यंत न्यायच्या. दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशाला. तिथे वर्षानुवर्षं राहतात. पण बाहेर काढल्यावर पुन्हा ते पंधरा दिवस आलेच. लग्नासाठी एकदा चालेल, प्रत्येक केळवणासाठी नाही.

आजी (बाबांच्या फोनवरून), ४:३०
चिऊ बाळा जेवलीस का. पत्रिकेत तुझ्या नावामागे डॉ. लिहायला मी सांगितले आहे. आपल्या घरातली पहिली आहेस.

चिऊ, ६:५०
आजी, जेवले. मामी आणि मी अप्पा बळवंत चौकात आहोत, प्रूफ हातात आहे. छापलंय खरंच, चि. सौ. कां. आणि पुढे डॉ. बघून मला भरून आलं. पण आजी, ते काढायला सांगते. प्रबंध अजून लिहून व्हायचा आहे. मग तो बाहेरचे परीक्षक वाचतील, मग तोंडी परीक्षा. त्याआधी ते अक्षर लावलं तर मला झोप लागणार नाही. एम.एस्सी. ठेवू, ते माझं आहे.

आजी (बाबांच्या फोनवरून), ७:०५
बरं. तुझं खरं. पण पहिली पत्रिका वाईच्या ढोल्या गणपतीला मी नेणार. मला एस. टी.ला पैसे पडत नाहीत.

बाबा, ७:०७
आई, मी येतो बरोबर.

मामी, ७:४८
पत्रिका सुधारून दिल्या, मंगळवारी मिळतील. तुळशीबागेत मुंडावळ्या घेतल्या, दोन्ही जोड मोत्यांचे. ब्लाउज शिंप्याकडे टाकले. पैठणीच्या ब्लाउजला शिंपी म्हणाला काठ पुरणार नाही, पण चिऊने तिथेच कापड मांडून बाहीला काठ कसा बसेल ते दाखवलं. लॅबमधल्यासारखं मोजून. पोरगी दमली आहे, डोळे लाल झालेत. आता तिला सोडते.

चिऊ, ९:३५
हॉस्टेलवर पोचले. आता केळवणाचं.

मला केळवण नको आहे असं कुणी समजू नका. ताटाभोवतीची रांगोळी, औक्षण, ओटी, आणि आपण खाताना सगळे आपल्याकडे बघत असतात ते, हे मला सगळं हवं आहे. लहानपणी आत्याच्या केळवणाला मी तिच्या शेजारी बसायचा हट्ट धरला होता. पण अकरा घरी गेले तर महिन्याभरात एकही प्रयोग पुरा होणार नाही, आणि दर वेळी लॅबमधल्या मैत्रिणीला माझ्या बाटल्या बघ म्हणून सांगणं मला जमत नाही. तिचंही काम असतं. लग्नाच्या आठवड्यात ती करणारच आहे.

म्हणून दोन रविवार मागते. एका रविवारी साताऱ्याला, आपल्या घरी, आत्या, काकू आणि शेजारचे सगळे एकत्र करा. दुसऱ्या रविवारी मामीकडे. मी शनिवारी रात्री येईन आणि रविवारी रात्री परत जाईन. मावशी, तुझा गुरुवार मात्र मला देता येत नाही. ते लिहिताना वाईट वाटतंय.

काकू, ९:४४
चालेल. कोरेगावचे आम्ही साताऱ्याला येतो. भाकरी-पिठलं नाही, गोडाचंच करायचं हं.

आत्या, ९:५०
माझ्या शेजारी बसली होतीस ते आठवतंय मला. माझ्या ताटातली जिलबी तू संपवलीस. येते मी साताऱ्याला.

आई, ९:५८
ताई, तू काही बोलली नाहीस.

मोठी मावशी, १०:२०
विचार करत होते. चिऊ, दुपारी तुझे ते दीड तास हात मोकळे असतात म्हणालीस. दर वेळी असतात का?

चिऊ, १०:२२
ट्रान्सफर लावला की असतात. साधारण एक ते अडीच.

मोठी मावशी, १०:३१
मग मीच येते. बुधवारी निघून मामीकडे राहते. पुरण तिथेच शिजवते, पोळ्या रात्री लाटून ठेवते, काही होत नाही त्यांना दोन दिवस. गुरुवारी एक वाजता पाषाणला. कुंकू, रांगोळी, ओटीचं सगळं मी आणते. तुमच्या लॅबमध्ये बसता येईल का?

चिऊ, १०:३३
मावशी!! लॅबमध्ये खायला काही नेता येत नाही, तो नियम पक्का आहे. हॉस्टेलच्या मेसमध्ये कोपऱ्यातलं लांब टेबल मागून घेते. मैत्रिणींना बोलवू का? एक केरळची आहे, एक आसामची. केळवण म्हणजे काय ते त्यांनी बघितलेलं नाही. माझ्या बाटल्या बघणार आहे ती आसामचीच.

मोठी मावशी, १०:३६
तिला तुझ्या शेजारच्या पाटावर बसव. तिचीही ओटी भरते. माणसं किती ते शनिवारपर्यंत सांग, डाळ त्या अंदाजाने घेते.

मामी, १०:३८
पुरणयंत्र माझ्याकडे आहे, आणू नका.