२०१२ ची वॅगनआर : ॲव्हरेज वाढवण्यासाठी गाडीत कोणते बदल करावेत?

मावळवासी :
माझ्याकडे २०१२ ची वॅगनआर व्हीएक्सआय आहे, एक लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. तळेगाव दाभाडे ते चाकण एमआयडीसी हा रोजचा प्रवास तिच्यावरच होतो आणि त्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ जातो, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. पूर्वी लिटरला १७ किलोमीटर मिळत असत, आता जेमतेम १४ मिळतात. इंजिन ऑइल खात नाही, गाडीवर जीव आहे आणि ती विकायची नाही. मूळचे टायर झिजले तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याने १७५/६५ आर १४ मापाचे टायर घातले होते. गावी सामान न्यावे लागते, म्हणून टपावर कॅरिअर कायम असतो. आता जास्त हवा खेचणारा एअर फिल्टर, इरिडियम प्लग, पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक आणि सीएनजी किट यांपैकी कशावर पैसे घालावेत, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओडोमीटर :
काहीही विकत घेण्याआधी १७ चे १४ कसे झाले, याचा हिशेब मांडावा, कारण तुमच्याच प्रश्नात त्याची बरीचशी उत्तरे आहेत. पहिले कारण इंधनाचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि लिटरमागे इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात, मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींच्या बाबतीत ६ ते ७ टक्के घट अंदाजली होती. ही घट पूर्ण धरली तरी १७ चे १५.८ होतात, १४ नव्हे. तेव्हा सगळे खापर इथेनॉलवर फोडता येणार नाही.

दुसरे कारण टायरचे आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. व्हीएक्सआयचे मूळ माप १५५/६५ आर १४. त्याचा व्यास साधारण ५५७ मिलिमीटर भरतो, तर १७५/६५ चा ५८३. म्हणजे चाक एका फेऱ्यात जवळपास ४.७ टक्के जास्त अंतर कापते, पण गाडीतल्या किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरला ते कळत नाही. तुम्ही १०० किलोमीटर मोजता तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०४ च्या पुढे गेलेली असते. त्यामुळे तुमचे १४ हे खरे तर १४.६ च्या आसपास आहेत. मोबाइलच्या जीपीएसवर एखादे लांबचे अंतर मोजून ताडून पाहावे. रुंद टायर मात्र जड असतो आणि दर वेळी थांबून पुन्हा गाडी ओढताना त्याचा भार इंजिनावर पडतो, तो तोटा खरा आहे. हे टायर झिजले की मूळ मापावर परत यावे.

कॅरिअर गरज संपली की उतरवून ठेवावा. अमेरिकी ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार टपावरची बंद पेटी शहरात २ ते ८ टक्के आणि महामार्गावर ६ ते १७ टक्के मायलेज खाते. रिकाम्या कॅरिअरचा तोटा त्याहून कमी असला, तरी तो रोजचा आहे.

मोजमापही काटेकोर हवे. एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने, ऑटो-कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरावी आणि रकमेचा आकडा पूर्ण करण्यासाठी वरून थेंब-थेंब ओतू देऊ नये. सलग काही टाक्यांची सरासरी काढल्याशिवाय कोणत्याही बदलाचा गुण-अवगुण ठरवू नये.

सुटेभाग :
वरचा हिशेब मला पटतो. उरलेली एक-सव्वा किलोमीटरची तूट मी ब्रेक आणि थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह रोखून इंजिनाचे तापमान राखणारी झडप) यांत शोधीन. मावळातल्या पावसात कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना कोरड्या पडून गंजतात, ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतात आणि चालकाला काहीच जाणवत नाही. मोकळ्या रस्त्यावर, ब्रेक फारसा न वापरता काही अंतर गाडी चालवून थांबा आणि चारही चाकांच्या मध्यभागी हात जवळ नेऊन पाहा. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागले, तर तेच दोषी. मग ते जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहावे. मागच्या ड्रममध्ये हँडब्रेकची केबल अडकली असली, तरी हाच प्रकार होतो.

थर्मोस्टॅटचे दुखणे वेगळे. गाडी तापू नये म्हणून काही गॅरेजांत तो सरळ काढूनच टाकतात. मग इंजिन पुरेसे गरम होत नाही, संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि तुमच्यासारख्या कमी अंतराच्या प्रवासात हे नुकसान मोठे होते. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारे उपकरण) लावून कूलंटचे तापमान पाहावे. ते ८० अंशांच्या वर स्थिरावले पाहिजे. मोकळ्या रस्त्याला लागताच ७० च्या खाली घसरत असेल, तर नवा थर्मोस्टॅट बसवून घ्या. तो फार महाग नसतो. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच असावे. जुनी गाडी म्हणून २०डब्ल्यू५० हे जाड ऑइल भरून देण्याची पद्धत या इंजिनाला मुळीच मानवत नाही.

फिल्टरच्या नादी लागू नका. ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांवर चाचण्या घेतल्या, तेव्हा फिल्टर चोंदला असतानाही मायलेजमध्ये फरक आढळला नाही. घटला तो गाडीचा जोर. प्लग मुदतीनुसार बदला, साधे चालतील. चुंबकाचा पेट्रोलच्या ज्वलनावर काहीही परिणाम होत नाही.

मावळवासी :
दोघांचेही मनापासून आभार. टायरचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. सीएनजीबद्दल आणि खंडाळ्याचा घाट उतरताना न्यूट्रल करण्याबद्दलही कोणी लिहावे, अशी विनंती आहे.

ओडोमीटर :
न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की ठरावीक आरपीएमच्या वर इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. शिवाय उतारावर सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात.

नारायणगावकर :
खर्चात खरा फरक पाडणारा बदल सीएनजी हाच आहे, पण तुमच्या गाडीबाबत घाई नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०२७ मध्ये तुम्हाला तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागेल. गाडी त्यापुढे ठेवायचे नक्की असेल, तरच किटचे पैसे वसूल होण्याचा हिशेब मांडावा. मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातूनच बसवावे, आरसी बुकावर आरटीओची नोंद करून घ्यावी, विमा कंपनीला लेखी कळवावे आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखालची चाचणी, चुकवू नये. सिलिंडर डिकीतली बहुतेक जागा व्यापतो. गावचे सामान मग पुन्हा टपावरच जाईल, हेही आधीच विचारात घ्या.