शिकायला गेलात, फिरलात, काय शिकलात? नागपूरकरांचे अनुभव

माझी भाची येत्या सप्टेंबरात मास्टर्स करायला जर्मनीला चालली आहे. घरात रोज ऐकू येतं, "शिकायला चालली आहेस, फिरायला नाही." मला हे पटत नाही. परदेशी शिकून आलेली आपल्याकडची मुलं भेटतात तेव्हा कॉलेजबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि प्रवासाबद्दल तासभर. म्हणून हे आवाहन: सुट्टीत, थोड्या पैशांत जे फिरलात त्यातून काय हाती लागलं ते सविस्तर लिहा. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते.

प्रतापनगर. शिक्षण आखेन, जर्मनी

मावशी, भाचीला सांगा, डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, सेमिस्टरच्या फीमध्येच येतं का ते आधी बघ. मे २०२३ मध्ये ते महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६ पासून ६३ झालं. देशभरच्या रिजनल गाड्या, मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं, लांब पल्ल्याची वेगवान आयसीई गाडी मात्र नाही. म्हणून मी बर्लिनला गाड्या बदलत बदलत गेलो. दिवस मोडला, पण त्या दिवसाने मला विचारायला शिकवलं. आपल्या स्टेशनवर कुणीतरी आपणहून सांगतं, "गाडी दोनवर येऊन राहिली." तिथे आपणहून कुणी सांगत नाही, पण मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये विचारलं की माणूस प्लॅटफॉर्मपर्यंत सोबत येतो. वर्गात हात वर करायची भीड माझी अशीच गेली.

आणखी एक. पासपोर्ट आणि रहिवासी परवान्याचं कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ हव्यात. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आहे. मोबाइलमधल्या फोटोवर भागत नाही.

काटोल. शिक्षण वाखेनिंगेन, नेदरलँड्स

आमची संत्र्याची बाग आहे, त्यामुळे सुट्टी लागताच मी स्पेन गाठलं. सेव्हिलच्या रस्त्यांवर दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं आणि तोडायला कुणी नाही! ते फळ कडू असतं, त्याचा मार्मलेड होतो. पण मला खरं सापडलं ते व्हॅलेन्सियात. तिथे दर गुरुवारी दुपारी १२ वाजता कॅथेड्रलच्या दारासमोर पाण्याचं न्यायालय भरतं. काळे डगले घातलेले आठ शेतकरी गोल बसतात, आठ पाटांचे आठ प्रतिनिधी. पाटाचं नाव पुकारतात, कुणाची तक्रार असेल तर त्याने पुढे यायचं. वकील नाही, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथे. २००९ साली युनेस्कोने या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. मी गेलो त्या दिवशी तक्रारच नव्हती, पाच मिनिटांत उठले. शेजारी उभ्या आजोबांनी मग मला पाटांचा हिशोब समजावून दिला, अर्धा हातवाऱ्यांनी.

आमच्या भागात संत्र्यासाठी विहिरी आणि बोअर किती खोल गेले, सगळ्यांना माहीत आहे. पाण्याचं वाटप शेतकऱ्यांनीच एकमेकांसमोर बसून ठरवायचं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण विश्वास बसला तो त्या दारासमोर. माझ्या प्रबंधाचा विषय मी परतल्यावर बदलला.

मानेवाडा. एमबीबीएस, तिबिलिसी, जॉर्जिया

आमच्या बॅचला विदर्भातली बरीच मुलं होती. सुट्टीत सगळी एकत्रच फिरायची, एकत्रच मॅगी करायची. मी आणि एक मैत्रीण मात्र तिबिलिसीतल्या दिदुबे स्थानकाहून मार्शरुत्का, म्हणजे तिथली मिनीबस, पकडून स्तेपान्त्समिंदा या डोंगरातल्या गावाला गेलो. वाट जवारी खिंडीतून जाते, जवळपास २,४०० मीटर उंचीवरून. हिवाळ्यात हिमकडे कोसळले की रस्ता बंद. आमचाही बंद झाला. ज्यांच्या घरी उतरलो त्या आजींनी मुक्काम वाढवून घेतला, वर चुलीजवळ बसवलं. मी शाकाहारी, म्हणून घाबरत होते. पण ईस्टरआधी तिथले लोक मोठा उपास धरतात, त्यात मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे आजींना माझं जेवण अजिबात नवं नव्हतं. लोबियो, आपल्या राजम्यासारखं, अक्रोड आणि मक्याची भाकर.

तेव्हापासून मी सुट्टीचा शेवटचा दिवस कधी प्रवासात ठेवला नाही. डोंगरातून परतल्यावर एक दिवस मोकळा, मग परीक्षा.

धरमपेठ. शिक्षण अमेरिका

थोडक्यात लिहिते. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी अमेरिकेबाहेर पाऊल टाकण्याआधी आय-२० या कॉलेजने दिलेल्या फॉर्मच्या दुसऱ्या पानावर कॉलेजची प्रवासाची सही बघावी. शिकत असताना ती एक वर्ष चालते, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर असताना, सहा महिने. मेक्सिकोचं स्वस्त तिकीट दिसलं की मैत्रिणी बॅगच भरायला घेतात, मी आधी ते पान उघडते.

इंदोरा. शिक्षण लंडन

इंग्लंडच्या व्हिसावर युरोप होत नाही, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला, वेगळा लागतो. पैसे नव्हते, म्हणून मी लंडनच पायी पालथं घातलं. पहिल्याच शनिवारी १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये या घरात राहिले. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेल्या मुलीला तिथे काय वाटलं असेल ते लिहून होणार नाही. तिथून मी ब्रिटिश म्युझियमपर्यंत चालत गेले, साधारण तासभर लागला. त्यांचं वाचन तिथल्या ग्रंथालयात चालायचं. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. झाली, लंडनमध्येच ते बॅरिस्टरही झाले.

घरी फोन करून आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मीही येते." पुढच्या वर्षी आली. म्हणून भाचीच्या आईबाबांनाही सांगते, पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.