मदत हवी आहे: डायलॉग बॉक्समध्ये मराठी ओळी नीट तुटत नाहीयेत

मंडळी, वाचनालयाच्या पुस्तक नोंदणीसाठी बॅश स्क्रिप्ट (टर्मिनलवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहितोय, मेसेज 'डायलॉग' या टर्मिनलमध्ये चौकटी काढणाऱ्या कमांडच्या बॉक्समध्ये दाखवतो. इंग्रजी मजकूर मस्त बसतो पण मराठी आला की उजवी चौकट वाकडी होते, काना-वेलांटीवाल्या ओळींत जास्तच. बहुतेक टर्मिनल आणि प्रोग्राम मात्रांची रुंदी वेगवेगळी मोजतात.

आधी 'फोल्ड' या ओळी ठरावीक लांबीवर तोडणाऱ्या कमांडने ६० वर तोडून पाहिलं, पण माझ्याकडचं व्हर्जन बाइट मोजतं आणि यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे विसेक चिन्हांतच ओळ संपते, कधी तर अक्षर मधोमध तुटून तिथे प्रश्नचिन्ह येतं. डायलॉगचा सीआर-रॅप हा पर्याय लावल्यावर माझे एंटर टिकतात, पण खिडकी लहान केली की परत गोंधळ.

जोडाक्षर न तोडता शब्दावरच ओळ तोडायची, तीही खिडकीच्या रुंदीप्रमाणे, असं कोणी केलंय का? पायथॉनही चालेल. वाचनालयात सगळे मराठीच वाचणारे आहेत, त्यामुळे इंग्रजीत ठेवायचं नाहीये.